उतारवयाचं घर (९) : रजिस्ट्रीची घाई

मुलांकडे पाळीपाळीनं राहण्यावरच्या लेखांकाला जी पत्रं आली, त्यांत एक पिंजरकडचं आहे. लिहिणारे निवृत्त गुरुजी. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा गावात वावर पाहतो. बायको गेल्यापासून गुरुजी एकटे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहून टाकलंय : दिवाळीनंतर घर अन् वावर धाकट्याला बक्षीस करून देतो, म्हणजे मोकळा झालो, मग घरीच राहायचं की वृद्धाश्रम पाहायचा, ते सावकाश ठरवू.

गुरुजी, हा क्रम उलटा आहे. आणि तो एवढा सर्रास दिसतो, की वृद्धाश्रम पाहायला गेल्यावर आधी स्वयंपाकघर पाहावं की संडास, हा कबूल केलेला विषय मी पुढे ढकलतोय. आज नुसता कागद.

बक्षीसपत्राची आपल्याकडे चलती आहे, कारण ते स्वस्त पडतं. २०१५ पासून महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक फक्त २०० रुपयांचा. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. रजिस्ट्री ऑफिसबाहेरचा अर्जनवीसही मग तोच रस्ता दाखवतो. खरं तर मृत्युपत्र त्याहून स्वस्त : मुद्रांक नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात कुणीतरी म्हणणारच, "काहून असं अभद्र बोलता बाबा?" बक्षीसपत्र शुभ वाटतं, पेढे वाटता येतात. मृत्युपत्र मात्र आज केलं आणि उद्या मन बदललं, तर फाडून दुसरं करता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं आणि मुलानं स्वीकारलं, की घर त्याचं झालं.

राहण्याच्या सोयीचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. आजवर पाहिलेले पर्याय एकदा आठवा. माणूस ठेवून घरीच राहणं. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन सोबत मिळवणं. अकोल्यात किंवा अमरावतीत अनामत भरून सशुल्क वृद्धाश्रमात जाणं. पुण्याकडच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत फ्लॅट घेणं. यातल्या प्रत्येकामागे आपल्या नावाचं घर उभं असतं. गुरुजींच्या पेन्शनमधून वृद्धाश्रमाचा महिना निघेल. अनामत कुठून काढणार? २००७ साली रिव्हर्स मॉर्गेज आलं. साठी ओलांडलेल्या माणसाला राहत्या घरावर बँक ठरलेली रक्कम देत जाते आणि हयातीत घर सोडावं लागत नाही. आपल्याकडे ते रुजलं नाही, वावराला ते लागूही नाही, पण तिथेही घर स्वतःच्याच नावावर लागतं. राहिले फुकट वृद्धाश्रम. ते निराधारांसाठी असतात, आणि पेन्शनवाला माणूस निराधारांत बसत नाही. म्हणजे रजिस्ट्री झाली, की गुरुजींचं राहणं एकट्या धाकट्याच्या मर्जीवर.

"पण कायदा आहे ना?" आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची, वकील करावा लागत नाही, निर्वाहाची रक्कम दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये. घराच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेतली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं झाला असं धरून रद्द करून घेता येतो. सगळी गोम त्या 'अटीवर' आहे. आपल्याकडचे दस्त एका साच्यातून निघतात : नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी. वाचायला छान! पण हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सांभाळण्याची अट होती हे दिसलं पाहिजे. ती नसेल तर कलम २३ लागू होत नाही.

याच्या उलट छतरपूरच्या एका आईची गोष्ट. २०१९ साली तिनं मुलाला घर बक्षीस दिलं. दस्तात तो सांभाळ करील असा उल्लेख होता, शिवाय एक वेगळं वचनपत्रही होतं. मुलानं शब्द पाळला नाही, तेव्हा ती न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हरली, पण २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबाही तिला परत द्यायला लावला. तिच्याजवळ लिहिलेलं होतं.

आता धाकट्याची बाजू. त्याला लोभी ठरवायची मला घाई नाही. पीककर्जाला बँकेत गेला की पहिला प्रश्न सातबारा कुणाच्या नावावर? प्रत्येक हंगामात बापाला बंडीवर बसवून सहीला न्यायचं, याचा त्यालाही कंटाळा येतो. मग त्याच्यापुरतं वावर द्या की त्याला! आपले जुने कास्तकार वाटणी करताना पोटापुरतं वावर स्वतःच्या नावावर ठेवत, ते खुळे नव्हते. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेताना तो आडवा येतो. सगळं देऊन बसलेल्या म्हाताऱ्याला पुढे एकर-दोन एकर घ्यावंसं वाटलं, तर स्वतःच्या नावाचा सातबारा हाताशी असलेला बरा.

तेव्हा गुरुजी, वावराचा एक तुकडा धाकट्याला, तोही अट लिहून : जेवण, औषधपाणी, आजारपणात दवाखाना. बाकीचं वावर आणि घर मृत्युपत्रात. घर आत्ताच द्यायचा हट्ट असेल, तर हयातीपर्यंत तिथं राहण्याचा आपला हक्क राखून द्या. असं बक्षीसपत्र वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलंय. हे सगळं घर स्वकमाईचं आहे असं धरून. वडिलोपार्जित असेल तर वाटणी होईपर्यंत आपला हिस्साही बाकीच्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, आणि मग थोरल्याला पुण्याहून बोलवावंच लागेल.

पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर. पण खात्री देत नाही. महानच्या एका ताईंना घर भाचीला द्यायचंय, तीच त्यांचं सगळं करते. भाचीला ते २०० रुपये लागू होत नाहीत. त्यावर काय करता येईल ते आधी बघावं लागेल.