घेवड्याचे बी तुमच्या घरी आहे का?

आठवडे बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडवर जरा उभे राहा आणि परतणाऱ्यांच्या पिशव्या पाहा. दहा-दहा एकरांचे बागायतदार कोथिंबिरीची जुडी, पावशेर मिरची आणि दोडके विकत घेऊन गावी निघालेले दिसतील. ऊस आपला, कांदा आपला, ताटातली भाजी मात्र परक्याची. त्या भाजीवर शेवटची फवारणी केव्हा झाली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. औषधाच्या डब्यावर फवारणी व तोडणी यांत किती दिवस ठेवायचे ते छापलेले असते, पण भाव चढला की तेवढे दिवस थांबतो कोण?

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी, यावर उत्तर शोधले ते बायांनी. राहीबाई सोमा पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. घरातला नातू आजारी पडला तेव्हा विषारी औषधांच्या भाजीनेच हे झाले असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी गावठी बियाणे जमवायला सुरुवात केली. पुढे बचत गटांच्या बाया जोडल्या गेल्या, ‘बाएफ’ संस्थेची मदत मिळाली, कळसुबाई परिसरात बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. वाल-घेवड्याचे कितीतरी वाण, भाताचे जुने वाण, रानभाज्या, सगळे जपले गेले. २०२० साली राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही वाचलेच असेल.

मला या कामातला एक नियम फार मोलाचा वाटतो. बियाणे न्यायचे, पण पुढच्या हंगामाला दुप्पट आणून द्यायचे. पूर्वी सावकार दिढी-दुपटीने धान्य देत, तसाच हा व्यवहार, फक्त यात सावकार नाही आणि वाढलेले बी पुन्हा गावातच वाटले जाते.

“दुकानात पाकीट मिळते, मग ही उठाठेव कशाला?” असे काही जण विचारतील. हायब्रीडचे बी वाईट असे मी म्हणणार नाही. विक्रीच्या टोमॅटोला तेच परवडते. पण त्याचे बी धरून पुढच्या वर्षी लावले तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट आलेच. घरापुरत्या भाजीला गावरान वाण बरे. वालाचेच पाहा ना. आषाढात टोकलेला गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतो आणि थंडीत शेंगा देतो. कुंपणावर चढवला की फारसे काही मागत नाही.

घरी बी धरताना मात्र एक ध्यानात ठेवा. वाल, चवळी यांत परपरागीकरण कमी होते, त्यामुळे वाण बराचसा शुद्ध राहतो. दोडका, भोपळा, काकडी यांचे काम मधमाशीच्या हाती. शेजारच्या परसात त्याच भाजीचा दुसरा वाण असेल तर भेसळ होणारच. तेव्हा एका आळीने एकच वाण लावावा आणि दुसरा दुसऱ्या आळीने. गट हवा तो यासाठी. एकट्या घराचे हे काम नव्हे. बी चांगले वाळवून, राख मिसळून, गाडग्यात तोंड बांधून ठेवावे, हे आपल्या आज्यांना सांगावे लागत नव्हते.

आता हिशेब. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली तरी पाच माणसांच्या घराला दीड किलो लागते. एवढी सगळी परसातून निघेल असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. उन्हाळ्यात पाणीच नसते. पण मोरीच्या सांडपाण्यावर केळी, अळू, शेवगा जगतो. पालेभाजीला मात्र साबणाचे पाणी नको.

आणखी एक गोष्ट पुरुष मंडळींना रुचणार नाही. परसबाग म्हटले की आळी करणे, पाणी घालणे, खुरपणे सगळे बाईच्याच गळ्यात पडते. शेतातून दमून आलेल्या बाईवर हे चौथे काम लादले तर बाग दोन महिन्यांत वाळते. मांडव घालणे आणि कुंपण करणे तरी गड्यांनी करावे.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती. स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून अंगणवाडीच्या परसबागेला जाळी, एखादी पाण्याची टाकी देता येईल का, हा विषय ग्रामसभेपुढे ठेवा. बायांनीही तो विचारावा.

गट जमायला वेळ लागेल, पण बी धरायला थांबू नका. यंदा घेवड्याला शेंगा लागल्या की सगळ्यांत निरोगी वेल हेरा, त्याच्या भरदार शेंगांना चिंधी बांधा आणि त्या वेलावरच वाळू द्या. भाजीसाठी तोडायच्या नाहीत, हे पोरांना आणि शेजारणीला आधीच सांगून ठेवा.