बी, जमीन आणि वाफसा

"भाऊजी, गाठ तर काढून टाकली होती ना? मग छातीत कुठून आली?"

गेवराईत आमच्या गल्लीतल्या वहिनींनी हे विचारले, तेव्हा त्यांच्या मांडीवर संभाजीनगरहून आणलेल्या फोटोंची पिशवी होती. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झालेली, आणि आता फुप्फुसात डाग. डॉक्टरांचेच काहीतरी राहून गेले, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मी बँकेतला माणूस. माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून जमेल तेवढे वाचत गेलो.

स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने १८८९ मध्ये लिहून ठेवले, की बी चहूकडे उधळले जाते, रुजते मात्र मानवेल त्याच जमिनीत. गोदाकाठी कापूस लावणाऱ्याला हे लंडनहून सांगायला नको! शरीरभर फिरून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात जाते. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी अडकतात आणि बहुतेक मरतात. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचे कामच मुळी अशांना टिपून मारण्याचे.

गंमत म्हणावी की घात, पण याच राखणदारांपैकी काही फितूर होतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या चमूला २००५ मध्ये उंदरांत दिसले, की कर्करोगाची पेशी फुप्फुसात पोचण्याआधीच अस्थिमज्जेतून निघालेल्या पेशी तिथे जाऊन जागा तयार करतात. पेरणीआधी कुणी परस्पर रान नांगरून ठेवावे, तसे. दुसऱ्या काही पांढऱ्या पेशी अडकलेल्या पेशीला वाहिनीच्या भिंतीतून पलीकडे जायला वाट करून देतात.

मला सगळ्यांत चटका लावून गेला तो २०१८ चा प्रयोग. आपल्याकडे पावसाच्या भरवशावर धूळपेरणी करतात. बी कोरड्या मातीत गुपचूप पडून राहते. कर्करोगाच्या पेशीही फुप्फुसात अशाच वर्षानुवर्षे निजून राहू शकतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू दिसला की स्वतःच्याच डीएनएचे जाळे फेकतात. तंबाखूच्या धुराने उंदरांची फुप्फुसे सुजली, तेव्हा तिथे हीच जाळी पडली. त्यांवरच्या विकरांनी भोवतालचे एक प्रथिन कापले आणि निजलेल्या पेशी जाग्या झाल्या. म्हणजे वाफसा दिला तो राखणदारांनीच. अर्थात हे उंदरांतले. माणसाला जसेच्या तसे लावू नये.

बी उधळणे रोखण्याचा एक स्वस्त उपाय मात्र माणसांवर, आणि तोही आपल्या मुंबईत तपासला गेला. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या सात-दहा मिनिटे आधी गाठीभोवती बधिर करण्याचे साधे इंजेक्शन दिले. सुमारे १,६०० स्त्रियांवरचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के.

वहिनींना मी फक्त धूळपेरणीचे सांगितले. त्या बराच वेळ पिशवीची नाडी गुंडाळत बसल्या.

"म्हणजे गाठ काढायच्या आधीच बी उडालं होतं म्हणा की. उगंच डॉक्टरला बोलले मी."

मंगळवारी त्यांना पुन्हा संभाजीनगरला जायचे आहे. पहाटेच्या गाडीने सोबत मी जाणार आहे.