यंत्रमानव घरात आणण्यापूर्वी

यंत्रमानव आता विज्ञानकथेतून बाजारात उतरला आहे. चीनच्या युनिट्री कंपनीने २०२४ मध्ये ‘जी-१’ची किंमत १६ हजार डॉलरपासून जाहीर केली, ‘वन-एक्स’ कंपनीने २०२५ मध्ये खास घरकामासाठी ‘निओ’ २० हजार डॉलरला देऊ केला.

मुले आखातात वा विलायतेत आणि वृद्ध आईवडील गावच्या घरात, हे चित्र गोमंतकास नवे नाही. असा सेवक विकत घेण्याचा मोह उद्या कोणास झाल्यास नवल नाही. मात्र उंची, वजन आणि रूप यांची तुलना करून भागणार नाही. ‘जी-१’ नाचतो, कसरती करतो. पण त्याची बॅटरी सुमारे दोन तासच टिकते. ‘निओ’ला एखादे काम येत नसेल, तर मालकाच्या संमतीने कंपनीचा माणूस दुरून, यंत्राच्या डोळ्यांनी पाहत, ते करवून घेतो. म्हणजे चाकराबरोबर एक परकाही घरात येतो!

याउलट २०२२ मध्ये गोव्यातील एका रोजंदारी कामगाराने आपल्या दिव्यांग मुलीसाठी ‘माँ रोबो’ बनविला. तो नाचत नाही. मुलीच्या तोंडी आज्ञेवरून तिला घास भरवितो. गोवा राज्य नवोन्मेष परिषदेने त्याची दखल घेऊन साहाय्यही दिले.

आमच्या मते तुलनेची खरी कसोटी हीच. यंत्र माणसासारखे दिसते काय, हे विचारू नये. माणसाची नड भागविते काय, हे विचारावे. बिघडल्यास दुरुस्त कोण करणार आणि घरात कोण डोकावणार, याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत थैलीची गाठ सोडू नये.