मक्याची भरली भाकरी : पुपुसाचं गणित भातसानगरात

व्हिडिओत हाताची पद्धत कळते, पण प्रमाण आणि हिशोब लिहिलेलाच बरा. म्हणून हा लेख.

पुपुसा म्हणजे एल साल्वाडोर देशाची मक्याची भरली भाकरी. आत चीज किंवा शिजवलेल्या शेंगदाण्यांसारख्या नव्हे, घेवड्याच्या दाण्यांचं सारण. सोबत आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर. तिथे 2005 पासून नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसा दिवस म्हणून पाळतात.

आता खरी अडचण. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, सारण भरलं की कडा फाटतात. तिकडचे लोक मका खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, धुतात, मग दळतात. चुन्याने साल सुटते आणि पीठ एकजीव होतं. आपल्याकडे हा खटाटोप नको. तांदळाच्या भाकरीची उकड काढता ना? तेच करा.

1 किलो मक्याचं पीठ घ्या (कॉर्नफ्लोअर नाही हं, तो नुसता स्टार्च!). सव्वा लिटर पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणा, पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की चांगलं मळा. 80 ग्रॅमचा गोळा, 30 ग्रॅम सारण. वाटी करून भरा, तोंड बंद करा, ओल्या हाताने थापा. मध्यम आचेवर दोन्ही बाजू चार-पाच मिनिटं. एवढ्यात 25 नग होतात.

सारण मात्र आपलंच घ्या. शहापूर-मुरबाडला भात कापल्यावर वाल होतो. सोललेला वाल शिजवून, घोटून, पाणी पूर्ण आटवून घ्या. पातळ सारण म्हणजे फुटलेली भाकरी! जोडीला कोबी, गाजर, लिंबू, थोडा ओवा.

हिशोबासाठी आकडे मी धरतोय, तुम्ही आपल्या बाजारातले घाला. सामान आणि गॅस 12 रुपये, तुमची मजुरी 5, प्लेट-पिशवी 3. एक नग 20 रुपयांना पडला. 25 नगांचे 500. पण त्यातले 4 विकलेच नाहीत तर? 21 नग 25 रुपयांनी विकून हातात 525 येतात. म्हणजे दिवसभर उभं राहून 25 रुपये नफा! 30 रुपये भाव ठेवला तर 130. बहुतेक ताई मजुरी धरतच नाहीत, आणि मग धंदा चालतोय असं वाटत राहतं.

पहिला महिना रोज गाडी लावू नका. शनिवार-रविवार पुरे, पावसाळ्यात माहुलीला, धरणाकडे येणारी मंडळी तेव्हाच असतात. उकड सकाळीच काढा, पण थापणं-भाजणं गिऱ्हाईक समोर आल्यावर. गार झालेली मक्याची भाकरी कडक होते, ती पुन्हा कोणी मागत नाही. एफएसएसएआयची नोंदणी आधीच करून घ्या, आणि उरलेले नग रोज वहीत लिहा.