दरड येण्याआधी जागा ठरवा

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. वाडी बेसावध नव्हती. जमीन सरकू लागल्याचं कळताच लोक घराबाहेर पडून एका ठिकाणी जमले होते. दरडीने त्यांना तिथेच गाठलं. त्यांना धोका कळला होता. सुरक्षित जागा मात्र आधी कुणी दाखवून ठेवलेली नव्हती.

आपल्या डोंगरांत खाली काळा कातळ आणि वर मुरमाड मातीचा जाड थर असतो. संततधार पावसात पाणी मुरत जातं, थर जड होतो, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. त्या दिवशी सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरात, २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात पोलादपूरच्या साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. खाली महाडच्या बाजारपेठेत पूर होता, रस्ते बंद होते. बचाव पथकं तळीयेत पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. जो पाऊस दरड आणतो, तोच मदतीची वाट अडवतो. पहिली रात्र गावाला स्वतःच्याच बळावर काढावी लागते. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथल्या दरडींनीही हेच दाखवलं होतं.

डोंगर बऱ्याचदा आधी खुणा देतो. जमिनीला भेगा पडतात, झाडं-खांब कलतात, दारं घट्ट होतात, नवे पाझर फुटतात. भर पावसात वहाळाचं पाणी एकाएकी गढूळ किंवा कमी झालं, तर वर काहीतरी अडलं आहे असं समजून लगेच निघावं. निघताना वहाळाच्या वाटेने उतारावर धावू नये. माती-दगडही त्याच वाटेने येतात. वाट सोडून आडवं, बाजूला जावं.

ही बाजूची जागा मात्र ऐन पावसात शोधता येत नाही. ती भूवैज्ञानिकांकडून तपासून घ्यावी लागते. वयस्करांना कोण उचलणार, गुरांचे दोर कोण सोडणार, पाऊस किती झाला की वाडी रिकामी करायची, हेही आधी ठरावं. सरळ कडांच्या डब्यात साचलेलं पाणी पट्टीने मोजलं, तरी पावसाचा अंदाज येतो.

महाड-पोलादपूरच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना विनंती आहे: मे महिन्याची ग्रामसभा याच विषयावर घ्या आणि सगळ्या वाडीला त्या सुरक्षित जागेच्या वाटेने एकदा चालवून आणा.