कियांगान : खाचरे राखणारा करार

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, उत्तरेकडच्या कॉर्डिलेरा पर्वतात इफुगाव प्रांत आहे. कियांगान ही तिथली 14 बारांगायांची ग्रामीण नगरपालिका. बारांगाय हा फिलिपिन्सच्या कारभाराचा सर्वांत खालचा घटक. यांपैकी नागाकादान बारांगायात नदीच्या दोन्ही अंगांनी भातखाचरे डोंगर चढत गेलेली दिसतात. 1995 साली युनेस्कोने इफुगावातल्या खाचरांचे पाच समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. नागाकादान त्यांतला एक.

ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाई. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांनी स्थानिक लोकांना सोबत घेऊन जुन्या कियांगानच्या जागी उत्खनन केले, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. इथले लोक आधी अळकुड्या पिकवत. स्पॅनिश फौजा खालच्या मागात खोऱ्यात शिरल्या, त्या सुमारास डोंगरात पाणथळ भातशेतीने जोर धरला. म्हणजे खाचरे सुमारे चारशे वर्षांची. वय घटले, पण मोल वाढले. परक्या सत्तेपुढे न वाकण्यासाठी एका समाजाने केलेली ती बांधणी ठरते.

बांध दगडामातीचे असले, तरी ते टिकले रीतीरिवाजांमुळे. खाचरांच्या वर कुटुंबांनी राखलेले रान असते, त्याला मुयोंग म्हणतात. हे रान पाणी धरून ठेवते, माती सरकू देत नाही, सरपण आणि घरासाठी लाकूड पुरवते. वारशात थोरल्या अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, मोठा वाटा मिळे. त्यामुळे खाचरांचे तुकडे पडत नसत. तिनावोन हा इथला पारंपरिक भात वर्षातून एकदाच पिकतो. त्याच्या लावणी-कापणीच्या वेळी स्त्रियांच्या पुढाकाराने हुडहुड ही दीर्घ गाथा गायली जाई. तिलाही युनेस्कोची मान्यता आहे.

या समाजाला राजा नव्हता, न्यायालय नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे शिक्षक म्हणून राहिलेल्या रॉय बार्टन यांनी 1919 साली ‘इफुगाव लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मोनकालुन या मध्यस्थाचे वर्णन आहे. तो भांडणाऱ्या दोन्ही घरांत जाई, समजूत घाली आणि दंडावर तडजोड घडवून आणी.

आजचा कारभार 1991 च्या स्थानिक शासन कायद्याने चालतो. महापौर, उपमहापौर आणि सांग्गुनियांग बायान ही नगरसभा दर तीन वर्षांनी निवडली जाते. 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने स्थानिक सभांत आदिवासींच्या प्रतिनिधीला जागा दिली. एकाच नगरपालिकेतल्या रहिवाशांचे बहुतेक किरकोळ तंटे कोर्टात नेण्याआधी बारांगायाच्या लुपोन समितीपुढे न्यावे लागतात. 1978 पासून देशभर लागू असलेली ही पद्धत मोनकालुनच्या मुलखात परकी वाटण्याचे कारण नाही.

जगाच्या इतिहासातला एक क्षणही कियांगानच्या वाट्याला आला. 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानी सेनानी तोमोयुकी यामाशिता डोंगरातून उतरून इथल्या शाळेत अमेरिकनांच्या स्वाधीन झाले. त्याची आठवण म्हणून इथे युद्धस्मारक उभे आहे.

पण आजची लढाई बांधावर चालू आहे. तरुण मुले बागिओ, मनिला आणि परदेशाची वाट धरतात. गोगलगायी रोपे फस्त करतात, मोठी गांडुळे बांध पोखरतात. 2001 मध्ये युनेस्कोने ही खाचरे धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. स्थानिक संस्था, नगरपालिका आणि शेतकरी यांनी पाट दुरुस्त केले, नियम आखले, आणि 2012 मध्ये ती यादीतून बाहेर आली.

म्हणूनच या खाचरांना केवळ पर्यटकांचे देखावे समजणे अन्यायाचे आहे. पाण्याची वाटणी, रानाची राखण आणि भांडणाची मिटवणी यांवरचा रोजचा करार म्हणजेच ही खाचरे. त्या कराराला हातभार लावणे, कष्टकऱ्याला भाताचा योग्य भाव मिळवून देणे आणि त्याच्या मुलांना गावातच जगता येईल अशी सोय करणे, हेच कियांगानच्या नगरसभेचे खरे काम आहे. माणसे राहिली, तरच बांध राहतील.