सांगशाकची लढाई : ५० पॅराशूट ब्रिगेड आणि मराठे

दुसऱ्या महायुद्धात कोहिमा-इंफाळचं नाव सगळे घेतात, पण त्याआधीच्या सांगशाकबद्दल फारच कमी बोललं जातं, आणि ते मला खटकतं.

मार्च १९४४. मणिपूरमधल्या उखरूलच्या टापूत ५० इंडियन पॅराशूट ब्रिगेड उभी होती. तिच्या जोडीला दिलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही तिथेच होती. समोरून जपानची ५८वी रेजिमेंट अंगावर आली. ब्रिगेडियर होप-थॉमसन यांनी सांगशाकच्या टेकडीवर मोर्चा बांधला, पण जागा फार वाईट होती. मातीखाली लगेच खडक, म्हणून खंदक उथळ. काटेरी तारा नाहीत. पाण्याचे हाल तर विचारूच नका! विमानांतून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या हद्दीत पडायची. माथ्यावरच्या चर्चभोवती हातघाईची झुंज चालली. मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेला नकाशा वेढ्यातून वाट काढत इंफाळला पोचवला गेला. त्यावर कोहिमाच्या चढाईचा बेत होता!

२६ मार्चला माघारीचा हुकूम आला. ब्रिगेडची जबर हानी झाली, पण तिने अडवून धरलेले ते मोलाचे दिवस कोहिमा-इंफाळच्या तयारीला मिळाले. माझ्या मते हे यश कुठल्याही विजयाइतकंच मोठं आहे.

स्वातंत्र्यानंतर याच ब्रिगेडने ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात नौशेरा राखलं, झांगर परत घेतलं. ३ जुलैला झांगरलाच उस्मान शहीद झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पणजीत शिरली तीही हीच ब्रिगेड.